डाव्या खांद्यावरून

प्रिय सूनबाई,

घंटी वाजली. एकदा नाही, तीनदा. हे आधीच सांगून टाकते, कारण एक तर माझ्या पोटात काही राहत नाही, आणि दुसरं म्हणजे तू कुठलंही पत्र आधी शेवटून वाचतेस हे मला पक्कं ठाऊक आहे. या वेळी मात्र वरून खाली वाच. पंखा लाव, पाण्याची बाटली जवळ घे आणि निवांत बस. इथे उन्हाळा असा पेटलाय की दुपारी शिलाई मशीनला हात लावला तर चटका बसतो. आणि अशा दिवसांत तुझी ही सासू, बासष्ट वर्षांची, गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारी, पत्र्याच्या शेडमध्ये बसून बंदूक उघडायला, जोडायला आणि चालवायला शिकली. हस हवं तर. तुझा नवरा हसला, दूधवाला हसला, मीही हसले. पण पुढे वाच.

बंदूक तुझीच. तू आईकडे गेलीस त्यानंतर एका सकाळी तुझा नवरा स्टुलावर चढून कपाटावरची ती लांब पेटी खाली काढत होता. कुठे निघालास म्हणून विचारलं तर तोंड एवढंसं करून म्हणाला, तिने सांगितलंय, जो वापरेल त्याला देऊन टाका. नवरा बायकोचं ऐकतो याचं मला कौतुकच आहे, पण कधी ऐकायचं आणि कधी कानामागे टाकायचं हे त्याला शिकवायचं माझ्याकडून राहून गेलं. मी म्हटलं, ठेव ती खाली. त्याने इतक्या झटकन ठेवली की मला कळलं, देऊन टाकायची इच्छा त्याचीही नव्हती. फक्त कोणीतरी नको म्हणायला हवं होतं, आणि ते खातं या घरात पहिल्यापासून माझ्याकडेच आहे.

आता मूळ मुद्द्यावर येते. मी रागावलेली नाही, हे आधी ध्यानात घे. डॉक्टरांनी तुझ्या उजव्या डोळ्याची पट्टी काढली आणि सांगितलं की सुटलेला पडदा बसवलाय, पण या डोळ्याला आता उजेड आणि अंधार यापलीकडे फारसं काही दिसणार नाही. त्याच आठवड्यात जेवताना मी माझ्या नेहमीच्या थाटात बोलून गेले, उजवा नाही तर डावा, खांदा बदल आणि लाग पुन्हा नेमबाजीला, त्यात काय एवढं. तू हातातला चमचा खाली ठेवलास आणि अगदी हळू म्हणालीस, आई, ज्यांनी आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नाही त्यांनी मला खांदा बदलायला सांगू नये. तू आवाज चढवला असतास तर मीही दोन शब्द ऐकवले असते आणि गोष्ट तिथेच मिटली असती. पण तू हळू बोललीस. मला ते झोंबलं, चांगलंच झोंबलं. मग एका कोटाची बाही जोडता जोडता वाटलं, पोरगी खरं बोलली. ज्याने कधी बाही जोडली नाही असा माणूस मला बाही कशी बसवायची हे सांगायला लागला तर मी त्याला दुकानाच्या पायरीवर उभा करत नाही. मग तू तरी मला का उभं करावंस?

म्हणून ठरवलं. तुमच्या नेमबाजी क्लबचं उन्हाळी शिबिर तोंडावर आलं होतं. त्यात प्रत्येकाने आपली छऱ्याची बंदूक स्वतःच्या हाताने उघडायची, साफ करायची, नीट बसवायची, आणि शेवटच्या दिवशी त्याच बंदुकीने मैदानाच्या टोकाची घंटी वाजवायची. मी जाणार, तुझी बंदूक घेऊन जाणार, उजवा डोळा झाकून डाव्या खांद्यावरून नेम धरणार. घंटी वाजली तर या विषयावर तुझ्याशी बोलायचा हक्क मला मिळाला. नाही वाजली तर जन्मभर तोंड शिवून घेईन, आणि माझी शिवण उसवत नाही हे तू जाणतेस. तुझ्या नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आई, तू तिला कळवू नकोस हं, हरलीस तर. बघ, माझ्यावर केवढा विश्वास.

तयारी म्हणून मी आठवडाभर घरात उजव्या डोळ्यावर कापडाची पट्टी बांधून वावरले. म्हटलं, डाव्या डोळ्याला सवय होईल. चाळीस वर्षं सुईत दोरा ओवते आहे मी, बोलता बोलता, पहिल्या फटक्यात. आता दोरा भोकासमोर दिसायचा आणि असायचा बोटभर अलीकडे. दाराच्या कडेला खांदा आपटला, तो दोनदा. आणि मग एका सकाळी मी किटली उचलली आणि कपाच्या शेजारी, कोरड्या टेबलावर, सावकाश आणि नीट चहा ओतला. फडकं घेऊन पुसायला लागले आणि हात तिथेच थांबला. तुझंही आईकडे जायच्या आधी एका सकाळी असंच झालं होतं. तू एक शब्द न बोलता पुसलंस, आणि आम्ही मायलेक खिडकीबाहेर बघत बसलो, जणू तिथे मिरवणूक चालली होती. आम्हाला वाटलं, न बघण्यात शहाणपण आहे. फडकं माझ्या हातात आलं तेव्हा समजलं की त्या क्षणी माणसाला सगळ्यात जास्त हवं असतं ते कोणीतरी सरळ म्हणणं, अगं, सांडला की. मी तिथेच खुर्चीत बसले आणि थोडी रडले. तू आईकडे का गेलीस ते मला त्या टेबलापाशी कळलं. मग उठून नवा चहा केला. आता मी किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवते आणि मगच ओतते. पट्टी सोडली तरी सवय राहिली आहे.

असो. शेडकडे येते. ती शेड तुला माझ्याहून जास्त माहीत आहे, पण तू तिथे नेहमी सकाळी जायचीस. मी ती दुपारी पाहिली. वर तापलेला पत्रा, खाली लांब लाकडी टेबलं, आणि दोन पंखे, जे वारा देत नाहीत, फक्त गरम हवा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पोचवतात. सकाळी नेमबाजी आणि ऊन चढलं की शेडमध्ये दुरुस्ती, असा तुमच्या शिकवणाऱ्या उस्तादांचा शिरस्ता. आम्ही दहा-बारा जण होतो. माझ्या शेजारी एक दातांचा डॉक्टर होता, बंदूक कोरी करकरीत आणि स्वतः त्याहून चकचकीत. त्याच्या पलीकडे एक बेकरीवाला. सगळे घामाने निथळत होते आणि या माणसाच्या कपाळावर एक थेंब नाही. म्हणाला, भट्टीपुढे उभं राहणाऱ्याला हा हिवाळाच की. पहिल्याच दिवशी त्याने मला आजी म्हणून हाक मारली. मी त्याला सांगितलं, मला आजी म्हणणाऱ्याने माझी पेटी उचलायची असा नियम आहे. दुसऱ्या दिवसापासून मी मावशी झाले.

उस्तादांनी पेटी उघडल्याबरोबर बंदूक ओळखली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आधी बंदुकीच्या लाकडी दस्त्यावरून हात फिरवला. मग विचारलं, ती कशी आहे? मी म्हटलं, रुसली आहे. मी डाव्या खांद्यावरून शिकणार म्हटल्यावर त्यांनी कारण विचारलं नाही, मला नेमबाजीच्या ओळीत उजव्या टोकाची जागा दिली. तिथे बसल्यावर मजा अशी की सगळे उजव्या हाताचे, त्यामुळे सगळ्यांची तोंडं एका बाजूला आणि माझं एकटीचं त्यांच्याकडे. फोटो काढणाऱ्यासारखी मी सगळ्या ओळीकडे बघत बसायची. दातांचा डॉक्टर म्हणाला, मावशी, तुम्ही आमच्यावर पहारा करताय असं वाटतं. मी म्हटलं, कोणीतरी करायला हवाच.

तुझ्या बंदुकीच्या पोटात केवढी मोठी स्प्रिंग दाबून बसवलेली आहे हे तू मला कधी सांगितलं नाहीस. कळलं असतं तर मी ती पेटी माझ्या डोक्याच्या वर, कपाटावर ठेवू दिली नसती. ती बाहेर काढायला लाकडी शिकंजा असतो, त्यात बंदूक आवळायची, मग खिट्टी काढायची आणि शिकंज्याचा स्क्रू हळूहळू सैल करत स्प्रिंगला मोकळं व्हायला द्यायचं. घाई केली तर ती उडून छपरात जाते. मी श्वास धरून स्क्रू फिरवत होते आणि उस्ताद शेजारी उभे राहून नुसतं हं, हं, करत होते. स्प्रिंग पूर्ण सैल होऊन माझ्या हातात आली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ती सगळ्यांना दाखवत फिरले. मग जुनं, काळं पडलेलं ग्रीस पुसायचं, पिस्टनच्या कडा बारीक कागदाने गुळगुळीत करायच्या. नळीच्या आत बघायला डॉक्टरने आपला दात तपासायचा छोटा आरसा दिला, स्वतःही डोकावला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, कीड नाही, पण घासायला हवं होतं. ते तुला सांगायचं वचन मी त्याला दिलं होतं, ते पाळलं.

पिस्टनच्या टोकावरचा चामड्याचा वॉशर एका बाजूने पार झिजला होता. उस्तादांनी तो काढला आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. तुला ती भिंत आठवत असेलच. ज्याची घंटी वाजेल त्याला आपला जुना वॉशर परत, नाही वाजली त्याचा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथेच लटकत राहणार. मला हा रिवाज माहीत नव्हता. आता कळलं की माझ्या बटणांच्या डब्यात तू ठेवलेली ती तपकिरी चकती म्हणजे काय. अगं, मी ती एकदा मोठ्या कोटाला लावणार होते. भोकं पाडायला सुईसुद्धा घेतली होती. थोडक्यात वाचली ती.

दस्त्याची गालाची उंच बाजू तुझ्यासारख्या उजव्या खांद्यावाल्यांसाठी आहे, माझा गाल दुसऱ्या बाजूला पोचतच नव्हता. उस्ताद म्हणाले, लाकूड थोडं तासून नवा तुकडा चिकटवू. मी तुझ्या बंदुकीला रंधा लावू देईन होय? रात्रीत नाही, भर दुपारी शेडमध्येच बसून मी चामड्याचा आणि जाड लोकरी कापडाचा एक तक्क्या शिवला, नाड्यांनी दस्त्याला बांधायचा. नको तेव्हा सोडून ठेवावा, खाली ओरखडा नाही. आणि डोळ्यासाठी टोपीच्या काठाला काळ्या अस्तराच्या कापडाची एक झडप शिवली, खाली सोडली की डोळा उघडाच राहतो पण समोरचं दिसत नाही. एक डोळा मिटून बसलं की सगळा चेहरा आवळतो, घाम डोळ्यात उतरतो, ते सगळं वाचलं. डॉक्टरने झडप बघितली आणि म्हणाला, मावशी, मलाही. मग बेकरीवाला, मग बाकीचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अस्तराचा तागाच घेऊन गेले. प्रत्येकाच्या डोक्याचं माप घेऊन झडपेची टोपी शिवली, बेकरीवाल्याचं डोकं दोनदा मोजावं लागलं.

आता माझी फजिती ऐक. ही फक्त शिंप्याच्याच हातून होऊ शकते. मी मशीनला दर आठवड्याला तेल घालते, माझ्या मायेची पद्धतच ती आहे. नवा वॉशर बसवला, रबरासारखा, नव्या जातीचा. तो मला फार कोरडा वाटला. कोणाचं लक्ष नाही बघून मी पिशवीतली तेलाची कुपी काढली आणि सढळ हाताने घातलं, बिचारीला बरं वाटू दे म्हणून. बंदूक जोडली, नळी वाकवून छर्रा भरला आणि वेग मोजायच्या यंत्रासमोर पहिला बार काढला. असा आवाज झाला की बेकरीवाला टेबलाखाली गेला. नळीतून निळा धूर निघाला, जळक्या तेलाचा वास सुटला, आणि यंत्रावर जो आकडा आला तो बघून उस्तादांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग म्हणाले, मावशी, किती घातलंत? मी म्हटलं, अंदाजाने. ते म्हणाले, चामडं तेल पितं, हा पीत नाही, आणि कोंडलेलं तेल स्प्रिंगच्या दाबाने पेटतं. अजून दोन बार काढले असते तर स्प्रिंग तुटली असती. मला काय वाटलं ते विचारू नकोस. तुझी बंदूक, तू इतकी वर्षं जपलेली, आणि मी दोन दिवसांत तिच्या पोटात आग लावली. उस्ताद स्वतः उघडून द्यायला तयार होते. मी म्हटलं, मी सांडलंय, मीच पुसणार. सगळे मैदानावर नेम मारत असताना मी आणि तो शिकंजा, पुन्हा पहिल्यापासून. स्प्रिंग सलामत होती. प्रत्येक भाग कोरडा पुसला, कापसाने तेलाचा शेवटचा वास काढला, आणि ग्रीस लावलं ते लहान मुलाच्या गालाला पावडर लावावी तेवढंच.

त्यामुळे शेवटच्या दिवशी बाकीचे थंड वेळी घंटीपुढे बसत होते तेव्हा मी एका बाजूला कागदावर नेम बसवत होते, आणि ते काही केल्या बसेना. एक छर्रा वर, एक डावीकडे, एक कागद सोडून. मी जितकी घट्ट धरायची तितके ते जास्त पांगायचे. उस्तादांनी येऊन माझी बोटं एकेक करून सोडवली. म्हणाले, हिच्या पोटात स्प्रिंग सुटते तेव्हा ही उडी मारणारच. आवळलीत तर उडी वाकडी होते. तळहात उघडा ठेवा, त्यावर तिला नुसती टेकवा, आणि मारू द्या काय मारायची ती उडी. आता मी म्हणजे आवळण्यात तरबेज. कापड आवळलं नाही तर शिवण पळते, आणि तुझा नवराही मी तसाच वाढवला. तरी केलं. उघडा तळहात वाळूच्या उशीवर ठेवला, त्यावर बंदूक. छर्रे बटणाएवढ्या जागेत जाऊन बसायला लागले. यातून मी सासूपणाबद्दल काही शिकले वगैरे म्हणणार नाही. मी बंदूक धरायला शिकले, तेवढं पुरे आहे.

माझी पाळी आली तेव्हा सूर्य डोक्यावर होता. बाकी सगळ्यांच्या पाळ्या होऊन गेल्या होत्या, डॉक्टरची वाजली होती, बेकरीवाल्याची नव्हती. खरं तर सगळ्यांनी सावलीत जाऊन बसायला हवं होतं, पण कोणी हललं नाही. पाच छर्रे. समोर लांबवर तो लोखंडी पत्रा, त्यात कपाच्या तोंडाएवढं भोक, आणि भोकामागे घंटी. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून बघते तर काय, तापलेल्या जमिनीवरून झळा उठत होत्या आणि सगळा पत्रा पाण्यात पडल्यासारखा हलत होता. भोक कधी वर, कधी खाली. डाव्या हाताचं बोट चापावर. या बोटाने आयुष्यभर फक्त कापड सरकवलं होतं, ते बावरलं होतं. पहिला बार. ठक. पत्र्यावर बसला. दुसरा बार, आणि काहीच आवाज नाही, मागच्या मातीत गेला. डोळ्यासमोर तू होतीस, चमचा खाली ठेवताना. मनात आलं, झालं, आता गप्प बसायचं, आयुष्यभर. आणि खरं सांगते, त्या वेळी मला घंटीपेक्षा त्या गप्प बसण्याचीच भीती वाटली.

तेवढ्यात उन्हासाठी मानेवर ठेवलेलं ओलं फडकं गार लागलं. वाऱ्याची एक झुळूक आली होती. दुर्बिणीत बघितलं तर झळा एका बाजूला आडव्या झाल्या, जसं इस्त्री फिरवल्यावर कापड बसतं, आणि भोक क्षणभर जागच्या जागी थांबलं. दुर्बिणीतली फुली त्यावर होती. श्वास अर्धा सोडला, तळहात उघडा ठेवला, बंदुकीला म्हटलं, मार बाई तुझी उडी. आणि टण. इतका लहान आवाज, सूनबाई. मला वाटलं होतं मोठा असेल. कोणी ओरडलं नाही, कारण सगळे पुढच्या छऱ्याची वाट बघत होते. एकदा वाजली तर लोक योगायोग म्हणतात. मी पुन्हा झुळकीची वाट बघितली. टण. पुन्हा थांबले, या वेळी बराच वेळ, मान अवघडली, हनुवटीवरून घाम टपकत होता. टण. आता योगायोग म्हणायची सोय कोणाला राहिली नाही. मग मात्र मैदान दणाणलं. डॉक्टर टाळ्या वाजवत होता, उस्ताद खिळ्यावरून वॉशर काढायला उठले होते, आणि बेकरीवाला पुढे येऊन म्हणाला, आजी, पेटी मी उचलतो.

पहिला बार काढायच्या आधी मी एकदा ओळीकडे बघितलं होतं. मी टोकाला, तोंड सगळ्यांकडे, म्हणून मला ती पूर्ण दिसते. उस्ताद सोडून सगळ्यांच्या डोक्यावर माझ्या टोप्या, आणि प्रत्येकाच्या एका डोळ्यावर मी शिवलेली काळी झडप. डॉक्टरच्या, बेकरीवाल्याच्या, पलीकडे बसलेल्या दोघी बहिणींच्या. एका डोळ्याने बघणारी माणसं ओळीने बसली होती आणि कोणी कोणाकडे वळून बघत नव्हतं, कारण तिथे एकच डोळा लागतो. चहा ओतायला दोन लागतात, सुई ओवायला दोन लागतात, जिना उतरायला दोन लागतात, ते सगळं मी बघितलं आहे आणि त्यातलं काही सोपं आहे असं मी आता म्हणणार नाही. खांदा बदलणंही सोपं नाही. पहिल्या दिवशी दिवसभर माझं शरीर मला म्हणत होतं, ही तू नव्हेस. पण त्या ओळीत बसल्यावर तुझ्यात आणि शेजाऱ्यात काडीचा फरक नाही. हे मला तुला सांगायचं होतं, आणि सांगायचा हक्क मी भर उन्हात मिळवलेला आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. सोबत पाकिटात वॉशर आहे. तो तुझा, तूच झिजवलास, तुझ्याकडेच राहू दे. बंदूक मात्र माझी. तूच सांगितलंस ना, जो वापरेल त्याला द्या? मी वापरते. तुझ्या नवऱ्याने त्याप्रमाणे ती रीतसर मला दिली आहे, आणि ती नुसती मागून परत मिळणार नाही, रडून तर मुळीच नाही. हवी असेल तर ये आणि जिंकून घे. तक्क्या बांधलेलाच आहे, तुझ्या डोक्याचं माप मला पाठ आहे, टोपी तयार आहे. ओळीत माझ्या शेजारची जागा मी उस्तादांकडून मागून घेतली आहे, दोघींची तोंडं एका बाजूला होतील, निदान मला बोलायला कोणी मिळेल. पाचातल्या तीन माझ्या आहेत. तू चार वाजव आणि घेऊन जा. आणि ज्या दिवशी येशील त्या दिवशी चहा तू ओतायचास. सांडला तर मी टेबलावर जोरात हात आपटून म्हणणार आहे, अगं, सांडला की.

तुझ्या चौथ्या घंटीची वाट बघणारी,
तुझीच,
आता डावखुरीही झालेली सासू